वाजिद अली शाह: बदनामीच्या पडद्याआड राहिलेला रंगमंच

लग्नाच्या घरात, दोस्तांच्या बैठकीत आणि आता व्हॉट्सअॅपवरही एक किस्सा फिरत असतो. इंग्रजांची फौज महालात शिरली. नोकरचाकर पळून गेले. नवाबसाहेब मात्र मसनदीवर बसूनच राहिले आणि पकडले गेले. का? तर पायात जोडे घालायला कुणी उरलं नव्हतं म्हणून!

हा किस्सा ज्यांच्या नावावर खपवला जातो ते म्हणजे अवधचे बादशहा वाजिद अली शाह. लहानपणापासून आम्हीही तो ऐकत आलो आणि सगळ्यांबरोबर हसलोही. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की असं काही घडलंच नव्हतं. महालात फौज घुसली नव्हती आणि बादशहा जोड्यांची वाट बघत बसलेही नव्हते. सल्तनत गेल्यानंतर महिनाभर ते लखनौतच होते. नंतर ते स्वतः निघाले ते कलकत्त्याकडे, आणि तिथून पुढे थेट लंडनला जाऊन दाद मागायची या इराद्यानं.

मग हा किस्सा आला कुठून? आमच्या मते तो त्याच कारखान्यात तयार झाला, जिथं एका चालत्या-बोलत्या रंगमंचाला ऐय्याशी हे नाव दिलं गेलं. वाजिद अली शाह यांनी उभी केलेली नाटक मंडळी, तिचे प्रयोग, तिची तालीमशाळा हे सगळं त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं गेलं. त्या रंगमंचाचा धागा पुढं मुंबई-पुण्यापर्यंत कसा येऊन पोचतो, हे तर आपल्याला कुणी सांगितलंच नाही. म्हणून हा लेख.

शहजादा आणि त्याची शाळा

वाजिद अली यांचा जन्म ३० जुलै १८२२ रोजी लखनौत झाला. १८४२ मध्ये त्यांचे वालिद अमजद अली शाह गादीवर आले. हे अत्यंत दीनदार गृहस्थ होते. दरबारात उलेमांचा मान मोठा होता. मुलाला मात्र लहानपणापासून शायरी आणि संगीताची ओढ. ‘अख्तर’ या तखल्लुसनं ते गझला आणि मसनव्या लिहायचे. ठुमरी रचताना ‘अख्तर पिया’ असं नाव घ्यायचे.

शहजादे असतानाच त्यांनी ‘परीखाना’ सुरू केला. नाव ऐकून लोक नको ते अर्थ काढतात. प्रत्यक्षात तिथं चालायची ती रीतसर तालीम. निवडलेल्या मुलींना गाणं, नाच, अभिनय शिकवायला उस्ताद ठेवलेले होते. सारंगिये, तबलजी पगारावर होते. तालीम पुरी झालेल्या मुलीला परीचं नाव मिळायचं: सुलतान परी, माहरुख परी, महक परी. आजच्या भाषेत बोलायचं तर एका नाटक कंपनीची ती कलाकार मंडळी होती, आणि शहजादा त्या कंपनीचा लेखक, दिग्दर्शक, संगीतकार आणि मालक असा सगळाच होता.

इथं एक गोष्ट लपवून ठेवणं बरं नाही. या मुलींपैकी बहुतेक गरीब किंवा तवायफांच्या घरातल्या होत्या. त्यांना विचारून कुणी परीखान्यात आणलं नव्हतं. अनेकींशी शहजाद्यानं निकाह किंवा मुताह केला, पुढं अनेकींना सोडलंही. उतारवयात तर खर्च परवडेना म्हणून एकदम कित्येक बेगमांना दूर केलं, आणि त्यांच्या पोटगीचा प्रश्न इंग्रज सरकारपर्यंत गेला. आपल्या घरातल्या लेकीबाळींच्या नजरेनं बघितलं तर यातलं पुष्कळ खटकणारं आहे. त्या काळातल्या हिंदू-मुस्लिम सगळ्याच दरबारांत हे चालत होतं हे खरं, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही.

स्वतः वाजिद अलींनी या दिवसांबद्दल कमालीच्या मोकळेपणानं लिहून ठेवलं. ‘इश्कनामा’ हे त्यांचं आत्मकथन चित्रांनी सजवलेलं होतं. आज ते हस्तलिखित कुठं आहे माहीत आहे? इंग्लंडमध्ये, विंडसरच्या शाही संग्रहात. १८५८ मध्ये लखनौ पडलं, कैसरबाग लुटली गेली, तेव्हा जे जे गेलं त्यातलंच ते एक.

१८४३: एक साल, दोन रंगमंच

१८४३ साली लखनौच्या हुजूर बागेत या मंडळीनं पहिला मोठा प्रयोग केला. नाटकाचं नाव होतं ‘राधा कन्हैया का किस्सा’. लेखन वाजिद अली शाह यांचं. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं एकवीस.

व्रजमध्ये कृष्णभक्त मंडळी जो रास करतात, त्यावरूनच ‘रहस’ हा शब्द आला. वाजिद अलींनी त्या रासात स्वतःची भर घातली. त्यांच्या किश्श्यात राधा आणि कन्हैया तर आहेतच, पण फारसी दास्तानींमधल्या पऱ्या आहेत, इफ्रीत नावाचा देव म्हणजे दैत्य आहे, दुःखी जोगन आहे आणि मधे मधे हसवणारं पात्रही आहे. संवाद उर्दूत, गाणी व्रज आणि अवधीच्या वळणाची, नाच कथकचा. राधा आणि कन्हैया या दोन्ही भूमिका परीखान्यातल्या मुलींनीच केल्या.

लखनौ विद्यापीठातले मसूद हसन रिझवी अदीब यांनी आयुष्याची कित्येक वर्षं या विषयावर घालवली. लखनौचा शाही रंगमंच आणि लखनौचा अवामी रंगमंच अशी दोन पुस्तकं त्यांनी लिहिली. ‘राधा कन्हैया का किस्सा’ हे उर्दूतलं पहिलं नाटक आणि वाजिद अली शाह हे उर्दूचे पहिले नाटककार, असं त्यांनी मांडलं.

आता मराठी वाचकांनी हे साल पुन्हा एकदा बघावं. १८४३. याच वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. आपण दरवर्षी हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. भाव्यांच्या पाठीशी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन होते. तिकडे अवधचा शहजादा खुद्दच लेखणी घेऊन बसला होता. सांगलीकरांना लखनौची खबर नव्हती, लखनौवाल्यांना सांगली ठाऊक नव्हती. पण एकाच वर्षी दोन्ही गावांत एक गोष्ट घडत होती. देवाधर्माचा खेळ, गाणं आणि नाच एकत्र बांधून लोकांच्या बोलीत नाटक उभं राहत होतं.

फरक हा की भाव्यांना आपण आद्य नाटककार म्हणतो. वाजिद अलींच्या वाट्याला जोड्यांचा विनोद आला.

बादशहाची मंडळी

फेब्रुवारी १८४७ मध्ये अमजद अली शाह यांचा इंतकाल झाला आणि वाजिद अली गादीवर बसले. सुरुवातीचा त्यांचा धडाका बघण्यासारखा होता. रोज पहाटे उठून स्वतः फौजेची कवायत घ्यायचे. पलटणींना बांका, तिरछा, अख्तरी, नादिरी अशी नावं दिली होती. सवारी निघाली की चांदीच्या दोन पेट्या पुढं चालायच्या. ज्याला तक्रार करायची त्यानं अर्ज पेटीत टाकावा, किल्ली बादशहाकडे. पण अवधमध्ये बादशहापेक्षा वजन होतं ते कंपनीच्या रेसिडेंटचं. बादशहा फौज तयार करतोय हे त्याला कसं पटणार? कवायत बंद करावी लागली. अर्जांच्या पेट्याही हळूहळू मागं पडल्या.

ज्या राजाला फौज ठेवता येत नाही आणि कारभारात दर पावलाला परवानगी लागते, त्यानं करायचं काय? वाजिद अलींनी सगळी ताकद रंगमंचात आणि इमारतीत ओतली. १८४८ पासून कैसरबाग उभी राहू लागली. महाल, बगीचे, बारादऱ्या. त्यातली सफेद बारादरी मुळात मोहर्रमच्या अजादारीसाठी बांधलेली होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

याच काळात मंडळीचे मोठे प्रयोग झाले. वाजिद अलींनी तरुणपणी तीन मसनव्या लिहिल्या होत्या: ‘दरिया-ए-तअश्शुक’, ‘अफसाना-ए-इश्क’ आणि ‘बहर-ए-उल्फत’. शहजादे, पऱ्या, देव, ताटातूट आणि मीलन यांच्या या गोष्टी. त्यांनी त्या रंगमंचावर आणल्या. एका रात्रीत संपणारा हा खेळ नव्हता. एकेक प्रसंग एकेका जलशात व्हायचा, मधे तयारीचे दिवस जायचे, आणि असं करत करत पूर्ण गोष्ट अनेक रात्रींमध्ये उलगडायची. एकच जागा वापरण्याऐवजी प्रसंगाप्रमाणे बागेतल्या वेगवेगळ्या इमारती वापरल्या जायच्या. आज ओटीटीवर मालिका बघणाऱ्या पोरांना हे लगेच समजेल.

दरबारी प्रयोग निवडक लोकांसाठी असायचे. सामान्य लखनौकरांसाठी कैसरबागेचे दरवाजे उघडायचे ते जोगिया मेळ्यात. अट एकच, गेरव्या रंगाचे कपडे घालून यायचं. हिंदू असो की मुसलमान, अमीर असो की भिश्ती, सगळे त्या दिवशी जोगी. खुद्द बादशहाही जोग्याच्या वेशात बसायचे.

शहराला नाटकाची चटक लागली ती अशी. याच हवेत १८५३च्या सुमारास आगा हसन अमानत या शायरानं ‘इंदर सभा’ लिहिलं. जिभेच्या आजारामुळे अमानत फारसे घराबाहेर पडत नसत. हे नाटक वाजिद अलींच्या दरबारात झालं आणि इंदरची भूमिका बादशहांनीच केली, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं सापडतं. ते खरं नाही. अदीब यांनी दाखवून दिलं की हे नाटक दरबाराबाहेर, लोकांसाठी झालं. पण सब्ज परी, शहजादा गुलफाम, देव आणि प्रियकराला सोडवण्यासाठी जोगन बनणारी परी हा सगळा मसाला रहसच्याच घरातला. महालातला खेळ गल्लीत उतरला आणि तिथून देशभर गेला.

मुसलमान बादशहा आणि कन्हैया

आमच्या काही वाचकांना हे वाचताना अवघड वाटत असेल. मुसलमान बादशहा, त्यात दीनदार बापाचा मुलगा, आणि राधा-कन्हैयाचं नाटक लिहितो? नाचगाण्याबद्दल दीनी दृष्टीनं मतभेद आहेत, ते राहणारच. आम्ही इथं फतवा द्यायला बसलो नाही.

इतिहास काय सांगतो तेवढं मांडतो. अब्दुल हलीम शरर यांचं बालपण मटियाबुर्जमध्ये वाजिद अलींच्या वस्तीत गेलं. लखनौच्या जुन्या तहजीबवर त्यांचं पुस्तक प्रसिद्ध आहे. बादशहाच्या चुका सांगताना ते हातचं राखत नाहीत. पण हा माणूस नमाज-रोजाचा पाबंद होता आणि दारूला शिवत नव्हता, हेही अशा जवळच्या साक्षीदारांमुळेच आपल्याला कळतं. मोहर्रम आला की जलसे बंद. बादशहा मातमी लिबासात, ओठांवर मर्सिया. स्वतः त्यांनी मर्सियेही लिहिले.

कन्हैयाचं नाटक केल्यानं त्यांचा ईमान डळमळला नाही आणि मजलिस भरवल्यानं त्यांची हिंदू रयत दुरावली नाही. अवधच्या हिंदू घरांतूनही ताजिये निघायचे, कथकचे ठाकूर प्रसाद, दुर्गा प्रसाद यांच्यासारखे गुरू मुसलमान बादशहाच्या आश्रयाला होते. बिंदादीन आणि कालका प्रसाद यांचं लखनौ घराणं याच मातीत वाढलं. पंडित बिरजू महाराज हे त्याच घराण्याचे वारस.

रंगमंच पुरावा कसा झाला

कंपनी सरकारला अवध हवं होतं. १८०१च्या तहात अर्धा मुलूख आधीच काढून घेतला होता. नवाबांकडून कर्जाऊ घेतलेल्या कोट्यवधी रुपयांवर कंपनीनं लढाया लढल्या होत्या. आता उरलेलं अवध घ्यायला निमित्त पाहिजे होतं. सातारा, नागपूर, झाशी इथं दत्तक वारस नाकारून काम झालं होतं. वाजिद अलींना मुलं होती, त्यामुळे ते निमित्त चालणार नव्हतं. मग गैरकारभाराचा आरोप पुढं आला.

कारभार उत्तम होता असं आम्ही म्हणणार नाही. वसुलीचे मक्तेदार शेतकऱ्याला पिळत होते, तालुकदार एकमेकांची गावं जाळत होते. रेसिडेंट स्लीमन यानं १८४९-५० मध्ये अवधचा दौरा केला आणि हे सगळं टिपून ठेवलं. त्याचबरोबर बादशहा गवय्यांत आणि नाचणाऱ्यांत रमतो हेही वारंवार लिहिलं. गंमत अशी की खुद्द स्लीमन मुलूख खालसा करण्याच्या विरोधात होता. कारभार सुधारा, पण राज्य गिळू नका, असं त्याचं मत होतं. डलहौसीनं अहवालातला सोयीचा भाग उचलला.

फेब्रुवारी १८५६ मध्ये नवा रेसिडेंट आउट्रम करारनामा घेऊन आला. सही करा, राज्य आमच्या हवाली करा, वर्षाला बारा लाख पेन्शन घ्या. बादशहांनी आधीच तोफा गाड्यांवरून उतरवल्या होत्या, पहारेकऱ्यांची हत्यारं काढून ठेवली होती. खून-खराबा नको होता. आउट्रमसमोर त्यांनी डोक्यावरचा पगडा काढून त्याच्या हातात ठेवला. बरोबरीच्या माणसांत करार होतो, माझ्याकडे आता काही उरलेलं नाही, मग सही कशावर करू, असा त्याचा अर्थ होता. सही त्यांनी शेवटपर्यंत केली नाही. अवध खालसा झालं.

१३ मार्च १८५६ रोजी त्यांनी लखनौ सोडलं. १३ मेला कलकत्त्यात पोचले. आरोपांना मुद्देसूद लेखी उत्तर तयार करून ते छापलं. स्वतः आजारी पडल्यानं लंडनला जाता आलं नाही, तेव्हा त्यांच्या अम्मी मलिका किश्वर निघाल्या. आयुष्यभर पडद्यात राहिलेली ही बाई समुद्र ओलांडून विलायतेला गेली, राणी व्हिक्टोरियाला भेटली. हाती काही लागलं नाही. परतताना जानेवारी १८५८ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचा इंतकाल झाला. आजही त्यांची कब्र तिथंच, पेर लाशेज कब्रस्तानात आहे.

महक परी ते हजरत महल

ज्या परीखान्याला नालायकीचा पुरावा ठरवलं गेलं, त्याच परीखान्यातून १८५७ची एक मोठी सेनानी आली. महक परी नावानं ती तिथं शिकली. मुलगा झाल्यावर तिला हजरत महल हा किताब मिळाला. बादशहा लखनौ सोडून गेले तेव्हा ती मागंच राहिली.

मेरठमध्ये ठिणगी पडली आणि लखनौ पेटलं. बंगालच्या फौजेत अवधचे शिपाई मोठ्या संख्येनं होते, आणि त्यांच्या घरात राज्य गेल्याचा राग धुमसत होता. जुलै १८५७ मध्ये हजरत महल यांनी आपल्या कोवळ्या मुलाला, बिरजिस कद्रला, गादीवर बसवलं आणि कारभार हाती घेतला. तालुकदारांना एकत्र आणलं, फर्मानं काढली, आघाडीवर गेल्या. कानपूरहून आलेले नानासाहेब पेशवे आणि बेगम यांचा शत्रू एकच होता, आणि शेवटी दोघांनाही नेपाळचाच आसरा घ्यावा लागला. इंग्रजांनी देऊ केलेली पेन्शन बेगमनी नाकारली. १८७९ मध्ये काठमांडूतच त्या अल्लाहला प्याऱ्या झाल्या.

तिकडं वाजिद अलींना उठावाशी संबंध असल्याच्या संशयावरून जून १८५७ मध्ये फोर्ट विल्यममध्ये कोंडलं गेलं. दोन वर्षांहून जास्त काळ ते कैदेत होते. सुटले तेव्हा कैसरबाग लुटली गेली होती, आई आणि भाऊ परदेशात दफन झाले होते, मंडळी विखुरली होती.

मटियाबुर्ज: पुन्हा तालीम

दुसरा कुणी असता तर इथंच संपला असता. वाजिद अलींनी हुगळीच्या काठावर मटियाबुर्जला छोटं लखनौ वसवलं. इमामवाडे, बाग, प्राणिसंग्रहालय, कबुतरखाना. लखनौहून आचारी, दर्जी, पतंगवाले, गवय्ये, मुन्शी आले. कोलकात्याच्या बिर्याणीत बटाटा असतो तो याच वस्तीतून आला असं लोक सांगतात. मटियाबुर्जचे दर्जी आजही नावाजलेले आहेत.

आणि पुन्हा नाटक मंडळी उभी राहिली. १८५९ ते १८७५ या काळात मटियाबुर्जमध्ये रहसचे किमान तेवीस जलसे झाल्याची नोंद आहे. ‘राधा कन्हैया’ पुन्हा रंगमंचावर आलं. तरुणपणीच्या हौसेच्या जागी आता पिकलेल्या उस्तादाची नजर होती. ‘बनी’ या पुस्तकात त्यांनी रहसचे छत्तीस प्रकार लिहून ठेवले. कुणी कुठं उभं राहायचं, हात कसा फिरवायचा, कोणता पोशाख, कोणते दागिने, हे सारं तपशिलानं. पेन्शनवर जगणारा, राज्य गमावलेला माणूस आपल्या मंडळीची नोंदवही लिहीत बसला होता. पुढच्यांना उपयोगी पडावी म्हणूनच ना?

बंगालची रईस आणि संगीतवेडी मंडळी मटियाबुर्जला येऊ लागली. ठुमरी बंगालमध्ये रुजली ती इथून. लखनौ सोडतानाच्या दुःखावर त्यांनी रचली असं मानली जाणारी भैरवीतली ठुमरी १९३८ मध्ये सैगल यांनी ‘स्ट्रीट सिंगर’ सिनेमात गायली आणि ती घराघरांत पोचली. मुलीच्या बिदाईची ती ठुमरी ऐकताना आपल्या आयाबहिणींचे डोळे आजही भरून येतात. ती एका बादशहाची आपल्या शहराकडून झालेली बिदाई आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

२१ सप्टेंबर १८८७ रोजी, मोहर्रमच्या सुरुवातीच्या दिवसांत, वाजिद अलींनी डोळे मिटले. आपणच बांधलेल्या सिब्तैनाबाद इमामवाड्यात ते दफन आहेत. लखनौत त्यांचे वालिद ज्या इमामवाड्यात दफन आहेत त्याचं नावही सिब्तैनाबादच. त्यांच्या मागं इंग्रज सरकारनं मटियाबुर्जची मालमत्ता विकून टाकली. मंडळी कायमची पांगली.

धागा आपल्यापर्यंत

रंगमंच मात्र मेला नाही. ‘इंदर सभा’ छापली गेली, पुन्हा पुन्हा छापली गेली. १८७०च्या दशकात मुंबईच्या पारशी नाटक कंपन्यांनी ती उचलली. पडदे आणि यंत्रांच्या करामतीनं परी हवेतून उतरू लागली. कंपन्या गावोगाव फिरल्या. पुण्यात अशाच एका पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’चा खेळ अण्णासाहेब किर्लोस्करांनी पाहिला आणि पूर्ण संगीत नाटक मराठीतही करता येईल हे त्यांच्या मनानं घेतलं, असं मराठी नाट्येतिहासात सांगितलं जातं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘संगीत शाकुंतल’ आलं. त्यानंतरचं मराठी संगीत नाटक आपल्या सगळ्यांना माहीत आहेच.

संगीत नाटक लखनौनं दिलं असा दावा आम्ही करत नाही. त्यात कीर्तन आहे, लावणी आहे, संस्कृत नाटक आहे, कर्नाटकातला यक्षगान आहे. पण त्या वस्त्रात एक धागा कैसरबागेच्या हवेतला आहे, एवढं तरी मान्य करायला काय हरकत आहे?

आणखी एक दुवा आहे. वाळकेश्वरला जन्मलेले मराठी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये लखनौत संगीताचं कॉलेज सुरू केलं. आज ते त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. कैसरबागेतल्या ज्या इमारतीत ते भरतं, तिला लखनौकर आजही परीखाना म्हणतात. तिथं अजूनही पोरी कथकची तालीम घेतात, तबल्याचे बोल भिंतींतून बाहेर येतात. बदनाम बादशहाची शाळा बंद पडली नाही. तिला एका मराठी माणसाचं नाव मिळालं, इतकंच.

वाजिद अली शाह यांना वली बनवायचं आमच्या मनात नाही. राजा म्हणून ते कमी पडले, पती म्हणून तर फारच. पण त्यांच्या चुका मोजायच्या तर मापही एकच हवं. विलायतेत ऑपेरा बघणारी राणी सुसंस्कृत आणि लखनौत रहस लिहिणारा बादशहा ऐय्याश, हे माप कंपनी सरकारचं होतं. कंपनी जाऊन दीडशे वर्षं झाली, माप आपण अजून खिशात घेऊन फिरतो आहोत.

पुढच्या वेळी घरच्या दस्तरख्वानवर कुणी जोड्यांचा तो किस्सा सुरू केला, तर हसू द्या सगळ्यांना. मग मुलांना जवळ बसवून सांगा, की त्या माणसानं एकविसाव्या वर्षी नाटक लिहिलं होतं, त्याच साली आपल्या सांगलीतही पडदा उघडला होता, आणि त्याच्या शाळेतली एक परी पुढं तोफांसमोर उभी राहिली होती.